ढालवाले काका

यज्ञेश्वर गायधनींनी तो खेळ मुद्दाम घेतला नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर तुम्ही म्हणाल, साठी उलटलेल्या माणसाला हे काय थेर सुचले. नाशिकच्या सिडकोत, त्रिमूर्ती चौकाच्या मागे, आपल्या घराच्या ओट्याशी उभे राहून ते मोबाइलवर मुगाच्या खिचडीला पाणी किती घालायचं ते बघत होते. मध्येच जाहिरात आली. जाहिरातीच्या कोपऱ्यात बंद करायची बारीकशी फुली असते, ती दाबायला गेले, तर हाताला तेल. बोट घसरलं आणि भलतंच काहीतरी डाउनलोड व्हायला लागलं. खिचडी पातेल्याला लागली ती वेगळीच.

जेवताना त्यांनी ते उघडलं, ते काढून टाकण्यासाठीच. पण पडद्यावर एक धिप्पाड माणूस रिकाम्या हातांनी उभा होता आणि वर हिंदीत लिहिलं होतं की तुमचं शस्त्र निवडा. खाली तलवार, धनुष्य, भाला, जादूची काठी आणि ढाल मांडून ठेवली होती. यज्ञेश्वररावांचा घास हातातच राहिला. तुम्हाला काय हवंय, असं त्यांना कित्येक दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं.

पूर्वी विचारणारं माणूस होतं. त्यांची बायको कुसुम रोज सकाळी विचारायची, "आज भाजी कुठली करू?" आणि हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "कर कुठलीही." अख्ख्या संसारात या गृहस्थांनी एकदा म्हणून भाजीचं नाव घेतलं नाही. मग गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला साध्या तापाचं निमित्त झालं आणि कुसुमताई गेल्या. घर खायला उठलं. मुलगी स्वरदा पुण्याला, तिला नोकरी, संसार, दोन पोरं. ती रविवारी व्हिडिओ कॉल करायची आणि विचारायची, "बाबा, जेवलात ना?" आता, जेवलात ना हे विचारणं वेगळं आणि काय खाणार हे विचारणं वेगळं, हे ज्याचं माणूस गेलंय त्यालाच कळतं.

तर त्या दुपारी त्यांनी अगदी नीट विचार करून भाला निवडला. गायधनींचं घराणं गोदाकाठच्या भिक्षुकीतलं, पण यज्ञेश्वरराव तरुणपणीच अंबडच्या एका कारखान्यात लेथवर चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. लांब, सरळ, घोटलेल्या लोखंडावर त्यांचा जीव. भाला हातात आल्यावर त्यांचा तो धिप्पाड माणूस गावाबाहेर पडला आणि पहिल्याच फटक्यात त्याने एक कोल्हा लोळवला. यज्ञेश्वरराव खरकटा हात वाळेपर्यंत खेळत बसले.

त्या खेळात एक मोठं गाव होतं आणि गावाला चौक होता. कुठून कुठून मोबाइल घेऊन बसलेली खरीखुरी माणसं आपापली पात्रं त्या चौकात आणून उभी करायची आणि टीम जमवायची, कारण पुढच्या लढाया एकट्यादुकट्याच्या नव्हत्याच. यज्ञेश्वररावही भाला घेऊन उभे राहायचे, नाक्यावर मजूर उभे राहतात तसे. कुणीतरी घ्यायचं, एक लढाई व्हायची, आणि ती संपली की सगळे "बाय" म्हणून पसार. भालेवाले काय, पैशाला पासरी. आणि आमचे यज्ञेश्वरराव म्हणजे सगळी नोकरी एकाच टपरीवर चहा पिऊन काढलेला माणूस. असला घटकाभराचा शेजार त्यांना सोसेना.

पण लेथवरची नजर बारीक असते. चौकात रोज एकच हाक चालू असते हे त्यांनी हेरलं. ढालवाला पाहिजे, कुणी ढालवाला आहे का? ढाल कुणी घेतच नव्हतं, आणि त्याचं कारण उघड होतं. ढालवाल्याने सगळ्यांच्या पुढे उभं राहून राक्षसाचा मार खायचा, मागच्यांनी निवांत त्याला मारायचं, आणि वाहवा मारणाऱ्याची. तरण्याताठ्या पोरांना हे कशाला आवडेल? पण ढालवाल्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणं येतं, तिसऱ्याही दिवशी येतं, हे यज्ञेश्वररावांनी पाहून ठेवलं.

मग त्यांचं पात्र अशा लेव्हलला पोचलं, जिथे खेळ दुसरं शस्त्र घेऊ देतो. यज्ञेश्वररावांनी ढाल उचलली. आवडली म्हणून नाही. ढाल घेतली तर आपल्याला कुणी सोडणार नाही म्हणून घेतली.

आणि तसंच झालं. ढाल घेऊन चौकात उभे राहतात न राहतात तोच हर्षलने त्यांना उचललं. हर्षल मूळचा येवल्याचा, पुण्याला हॉस्टेलवर राहून शिकणारा, टीमचा म्होरक्या. दुसरी मोहिनी, इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमधली, हिच्याकडे जखमा बऱ्या करायची जादू. रोहित आणि तेजश्री ही भाऊबहीण धनुष्यवाली, दोघंही फारसं बोलायची नाहीत. खेळता खेळता एकमेकांचा आवाज ऐकू यायचा, त्यामुळे यज्ञेश्वररावांनी पहिल्या दिवशी घसा खाकरल्याबरोबर त्यांचं वय सगळ्यांना कळलं आणि ते ढालवाले काका झाले.

प्रत्येक लेव्हलला स्किलचे नवे पॉइंट मिळायचे. ते कुठल्या शस्त्रात घालायचे ते ज्याचं त्याने ठरवायचं, पण एकदा घातले की सीझन संपेपर्यंत, म्हणजे काही महिने, ते परत काढता येत नाहीत. जे शिकलात ते शिकलात.

"काका, ललकार घ्या," हर्षल म्हणाला. ललकार हे ढालीचं सगळ्यात वरचं स्किल. ते दाबलं की आसपासचा शत्रू बाकी सगळ्यांना सोडून ढालवाल्याकडेच धावत येतो. "तुम्ही बोलवायचं, आम्ही ठोकायचं."

"अरे, पण सगळे पॉइंट ढालीत घातले तर त्यांचा भाला बोथट राहील," मोहिनी म्हणाली. "काका, थोडे भाल्यात ठेवा. लेव्हल वाढली की कोल्हेही दणकट होतात, कधी एकटे बाहेर पडलात तर साधा कोल्हासुद्धा मरायचा नाही तुमच्याच्याने."

"मला कुठे एकटं जायचंय?" यज्ञेश्वरराव म्हणाले, आणि उरलेसुरले सगळे पॉइंट त्यांनी ललकारीत घातले.

तेव्हापासून त्यांच्या दिवसाला टोक आलं. दिवेलागणीला टीम जमायची, म्हणून ते दुपारी वामकुक्षी करून ताजेतवाने व्हायचे, चहा लवकर उरकायचे, फोन चार्ज करून ठेवायचे. हर्षलच्या मागे मेसची भांडी वाजायची. मोहिनीच्या मागे गाडीची घोषणा चालायची आणि तिच्याकडे मेला पाऊस थांबायचाच नाही. राक्षस आला की चौघंही एकदम ओरडायची, "काका, पुढे व्हा." आणि काका पुढे व्हायचे. असं घाईघाईने कुणी आपलं नाव घेतलं की छातीत काहीतरी हलतं, ते यज्ञेश्वररावांच्या छातीत रोज हलायचं.

एकदा मोहिनीने सहज विचारलं, "काका, घरी कोण कोण असतं?"

"आहेत की सगळे," यज्ञेश्वरराव म्हणाले. का म्हणाले, कुणास ठाऊक. कदाचित कुणाची कीव नको होती. एकटा जीव सदाशिव म्हणून आपल्याला खेळवतात, असं वाटून घ्यायचं नव्हतं. मागे फ्रिज घुरघुरत होता, तो ऐकून मोहिनीला वाटलं असेल की घरात माणसं आहेत.

सीझनची शेवटची लढाई किल्ल्याची होती. तिचं महत्त्व असं, की जी पाच जणं किल्ला घेतील त्यांची नावं एका निशाणावर चढणार, आणि ती पाच जणं पुढे कायमची एक टीम होणार. मग चौकात उभं राहायला नको, रोज कुणी उचलेल का म्हणून वाट बघायला नको. बाकीच्यांना निशाणाची हौस होती. यज्ञेश्वररावांना त्या कायमच्या शब्दाची होती. हर्षलने दिवस ठरवला दसऱ्याचा. "सीमोल्लंघन करू, काका," तो म्हणाला. यज्ञेश्वररावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दसऱ्याच्या चौकोनात, पेनाने एक बारीक ढाल काढली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. हा सण गायधनींच्या घरात कुसुमताईंनी आणला होता. त्यांचं माहेर चांदवडचं, वडिलांची पिठाची गिरणी. खंडेनवमीला गिरणीचा पट्टा उतरवून ठेवायचा, यंत्राला हार घालायचा, आणि दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत यंत्राला बोट लावायचं नाही. एकदा मामलेदाराच्या घरचं दळण आलं, तेसुद्धा वडिलांनी परत पाठवलं होतं. अख्खं गाव एक दिवस थांबायचं, आणि कुणाला त्यात काही वाटायचं नाही. लग्न होऊन नाशिकला आल्यावर कुसुमताई पाटावर विळी, सुरी, शिवणाची कात्री आणि नवऱ्याचा कारखान्यातला मापं घ्यायचा व्हर्नियर मांडायच्या. त्यांचा नियम सोपा होता. ज्याच्यावर रोजचा हात चालतो, ते पाटावर. त्या दिवशी घरात हमखास मेथीची भाजी, कारण मेथी हाताने खुडता येते, विळी लागत नाही. एका वर्षी यज्ञेश्वरराव पेन्सिलीला टोक करायला पाटावरची सुरी उचलायला गेले, तर त्यांचा हात धरून कुसुमताई म्हणाल्या होत्या, "असू दे हो तिला. वर्षातून एक दिवस तरी तिला कुणाचं काही करायचं नसतं."

गेल्या वर्षी सणवार नव्हतेच. यंदा यज्ञेश्वररावांनी मनावर घेतलं. सकाळी झेंडू आणला, पाट धुतला, कुसुमताईंचा कुंकवाचा करंडा काढला. विळी ठेवली, सुरी ठेवली, कात्री ठेवली. व्हर्नियरही ठेवला, पण ठेवताना मनाला पटेना. त्याला आताशा हात लागत होता कुठे? रोजचा हात कशावर चालतो म्हणाल तर मोबाइलवर. लढाई काय, उद्याच होती. त्यांनी मोबाइल कात्रीच्या शेजारी ठेवला, त्यालाही हळदकुंकू लावलं, वर एक झेंडूचं फूल ठेवलं, निरांजन ओवाळलं. मग मेथी खुडली, परतली आणि जेवले. भाजी जरा खारट झाली होती, पण त्या दुपारी पहिल्यांदा घराला घराचा वास आला.

दिवेलागणीला त्यांनी पाटापुढे समई लावली आणि त्याच वेळी पाटावरचा मोबाइल थरथरला. पडदा उजळला. यज्ञेश्वरराव हात पाठीमागे बांधून वाकले आणि चष्म्यातून वाचायला लागले. हर्षलचा मेसेज होता. "काका, लढाई आजच करू. मला उद्या पहाटेच येवल्याला निघायचंय. सगळे आलेत, लवकर या."

पाठोपाठ मोहिनीचा आला. "काका?"

मग खेळातून थेट बोलावणं वाजायला लागलं. वाजून थांबलं, पुन्हा वाजलं. थरथरीने झेंडूचं फूल सरकत सरकत पाटावरून खाली पडलं. यज्ञेश्वररावांचा हात आपसूक पुढे गेला. इतक्या निकडीने त्यांना कुणी बोलावलंय असं किती वर्षांत झालं नव्हतं. कुणी बघत नव्हतं. उचलावा, लढावं, पुन्हा होता तसा ठेवून द्यावा. देवाला एवढ्याचं काय वाटणार? शेजाऱ्यांच्या फोनवरून कळवावं तर कुणाचा नंबर कुठे पाठ होता, आणि खेळातल्या माणसांचे नंबर असतात का कुणाकडे?

हात करंड्याशी जाऊन थांबला. करंड्याचं झाकण उघडंच होतं आणि कुंकवात कुसुमताईंच्या बोटाचा जुना खळगा अजून तसाच होता. सकाळी त्यांनी कडेकडेचंच कुंकू घेतलं होतं. कुसुम गेल्यापासून तिच्या पद्धतीने पार पाडलेली ही एवढी एकच गोष्ट. ती मोडली तर ती या घरातूनही जाईल, असं त्यांना अगदी स्पष्ट वाटलं.

आणि मग त्यांनी स्वतःची समजूत घातली. तीच तर चूक झाली. ते मनाशी म्हणाले, माझीच माणसं आहेत, ढालवाल्यावाचून जातील कुठे? एक दिवस थांबतील. चांदवडचं अख्खं गाव थांबायचं. उद्या सगळं समजावून सांगू, हसतील आणि म्हणतील, काका, भारी आहात. असं म्हणून ते पाटासमोर मांडी घालून बसले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. मोबाइल वाजत राहिला. मग वाजायचा थांबला. वाजत होता तोवर त्रास होत होता, पण थांबल्यावर जो झाला तो त्याहून वाईट होता.

दसऱ्याला सकाळी अंघोळ करून त्यांनी उत्तरपूजा केली, अक्षता वाहिल्या, पाट हलवला. आपट्याचं एक पान मोबाइलवर ठेवलं, मग उचलून देवापुढे ठेवलं, आणि खेळ उघडला.

किल्ला घेतला गेला होता. निशाण फडकत होतं आणि त्यावर पाच नावं होती. हर्षल, मोहिनी, रोहित, तेजश्री आणि पाचवं एक अनोळखी. हर्षलने लिहिलं होतं, "काका, लय वाट बघितली तुमची. शेवटी चौकातून एक ढालवाला उचलला. जिंकलो." आणि मोहिनीचा मेसेज त्याखाली होता. "काका, तब्येत बरी आहे ना? घरचे आहेत सोबत, म्हणून काळजी केली नाही. जागा पाचच असतात हो, आमच्या हातात नाही ते."

गरज सरो, वैद्य मरो, असं म्हणायला माझी जीभ शिवशिवते. पण पोरं वाईट नव्हती. त्यांनी वाट पाहिली, काळजीही केली असती. घरचे सोबत नाहीत हे त्यांना सांगितलं कुणी होतं? यज्ञेश्वररावांनी खंडेनवमीची सगळी हकिगत लिहायला घेतली, गिरणी, मामलेदार, मेथी, सगळं. लिहून झाल्यावर वाचलं आणि पुसून टाकलं. मग लिहिलं, "अभिनंदन. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." हर्षल प्रवासात असावा, बाकीचे सणात. उत्तर आलं नाही. दुपारी स्वरदाचा कॉल आला. तिच्याकडे पाहुणे होते. "बाबा, जेवलात ना?" "हो, जेवलो." पोरांना दाखवून, हात हलवून तिने ठेवला.

संध्याकाळी सवयीने त्यांनी खेळ पुन्हा उघडला. किल्ला पडला की सीझन संपायचा, त्यामुळे नवा सीझन सुरू झाला होता. सगळे पॉइंट परत त्यांच्या हातात आले होते, तो धिप्पाड माणूस पुन्हा रिकाम्या हातांनी उभा होता, आणि वर तोच प्रश्न होता, तुमचं शस्त्र निवडा.

त्यांचं बोट भाल्यावर गेलं. सगळे पॉइंट भाल्यात घातले तर आता कुणाची गरज नव्हती. जंगल, घाट, अर्धी दुनिया एकट्याला पालथी घालता आली असती. बोट बराच वेळ तिथे राहिलं. मग त्यांना भीती वाटली. एकट्याने निभावायची एकदा सवय झाली, की आपल्याला हाक मारायचं कुणाला काही कारणच उरणार नाही, ही भीती. लेव्हल होती तीच राहिल्याने दोन शस्त्रं घेता येत होती, त्यांनी भाल्याच्या जोडीला ढाल घेतली. सगळे पॉइंट पुन्हा ढालीत घातले, शेवटचे ललकारीत, आणि भाला तसाच बोथट ठेवून ते चौकात जाऊन उभे राहिले.

चौकात चिटपाखरू नव्हतं. दसऱ्याची संध्याकाळ, लोक आपापल्या घरी. ढालवाला पाहिजे म्हणणारं आज कुणी नव्हतं. जरा वेळ वाट पाहून त्यांचा माणूस वेशीबाहेर पडला.

वेशीबाहेर कोल्हा होता. तो अंगावर आला आणि ढालीला चावला. यज्ञेश्वररावांनी भाला मारला, पण कोल्ह्याला काही झालं नाही. कोल्हा पुन्हा चावला, ढालीला काही झालं नाही. मोहिनी म्हणाली होती ते खरं होतं. त्यांच्याच्याने कोल्हा मरत नव्हता, पण कोल्ह्याच्यानेही ते मरत नव्हते. बाहेर गल्लीत कुणाच्या तरी घरी मंडळी सोनं द्यायला आली होती, जिन्यात चपला वाजत होत्या. यज्ञेश्वररावांच्या दारावरची बेल वाजली नाही.

कोल्हा कंटाळला असावा. त्याने चावायचं थांबवलं, पाठ फिरवली आणि झाडीकडे चालू लागला. यज्ञेश्वररावांनी ललकार दाबली.

कोल्हा वळला आणि धावत परत आला.

"ये," यज्ञेश्वरराव म्हणाले.